वोरिसहोफेनचे धर्मगुरु क्नाइप व त्यांचा जलोपचार

महोत्सवाच्या या स्मरणिकेंत धर्मगुरूनेंहि एखादा इतिहासपर लेख द्यावा, अशी संपादक मंडळीची इच्छा आहे. आपल्या मंदिराचा, शाळेचा व निरनिराळ्या मंडळांचा वृत्तांत इतर लेखकांनीं दिलेला असल्यामुळें त्याची पुनरुक्ति मी करीत नाहीं. आजाऱ्यांच्या भेटीस गेलों असतां जो प्रश्न मला वारंवार विचारण्यांत येतो, त्याच्याच इतिहासाकडे वाचकांचें लक्ष वेधण्याचें मीं योजिलें आहे. तो प्रश्न असा : "फादर, पाण्यानें रोग बरे होतात म्हणतात, तें खरें काय?" कोणी पहांटेच्या गार स्नानाची महती सांगतो, कोणी पोटावर ओल्या फडक्याची पट्टी बांधतो, कोणी निसर्गोपचाराची एखादी पुस्तिका आपल्या हातीं देतो. परंतु या उपचारास युरोपांत घरोघर नेणारे गृहस्थ वैद्य नव्हते, ते एका लहानशा खेड्याचे कॅथोलिक धर्मगुरु होते, ही गोष्ट थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांचें चरित्र आदरानें वाचण्यासारखें आहे. तितकेंच तें सावधपणानें वाचण्यासारखें आहे. सावधपणा कां हवा, तें लेखाच्या शेवटीं माझ्याच एका चुकीवरून सांगेन.

सेबास्टियन क्नाइप याचा जन्म १७ मे १८२१ रोजीं बव्हेरियांत, ओटोबॉयरेनच्या प्रसिद्ध बेनेडिक्टाइन मठाजवळच्या श्टेफान्सरीड नांवाच्या खेड्यांत झाला. बाप विणकर, घरीं गरिबी पांचवीला पुजलेली. मुलगा धोटा धरण्याजोगा झाला तसा तोहि मागावर बसूं लागला. आपण धर्मगुरु व्हावें, ही त्याची लहानपणापासूनची तळमळ. परंतु लॅटिन शिकण्यास पैसा कोठून आणावा? विणकामांतून व मजुरींतून त्यानें पै पै सांठविली. तो विशींत असतां घरास आग लागली आणि त्या आगींत ती सांठवणहि जळून खाक झाली.

अशा वेळीं अनेकांनीं त्यास वाटेस लाविलें. परंतु ग्रोनेनबाख येथील मॅथियास मेर्कले नांवाच्या एका धर्मगुरूनें त्यास जवळ केलें व लॅटिनचे धडे दिले. त्या आधारावर १८४४ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, हा विणकर डिलिंगेन येथील विद्यालयांत आपल्याहून पुष्कळ लहान मुलांच्या शेजारीं बांकावर बसला. एका धर्मगुरूनें दिलेला वेळ पुढें किती लोकांच्या उपयोगीं पडला, हें मेर्कले यांच्या स्वप्नींहि आलें नसेल.

परंतु अभ्यासाचे श्रम, पूर्वीच्या हालअपेष्टा व अपुरें अन्न यांचा परिणाम शरीरावर झालाच. खोकला जडला, खोकल्यांतून रक्त पडूं लागलें. वैद्यांचे उपाय चालेनात. तो काळ असा होता कीं, छातीच्या क्षयावर जगांत कोणाजवळहि खात्रीचें औषध नव्हतें. अशा निराशेंत सेबास्टियनच्या हातीं एक जुनें पुस्तक पडलें. सायलेशियांतील श्वाइडनिट्झ गांवचे वैद्य योहान झीगमुंड हान यांनीं ताज्या पाण्याच्या गुणांविषयीं तें १७३८ सालीं लिहिलेलें होतें. बुडत्यास काडीचा आधार, तसा त्यानें त्या पुस्तकाचा आधार घेतला. १८४९ च्या हिंवाळ्यांत तो आठवड्यांतून दोनतीनदां डॅन्यूब नदीकडे धांवत जाई, अंग तापलेलें असतांनाच क्षणभर बर्फासारख्या पाण्यांत गळ्याइतका शिरे, अंग न पुसतां कपडे चढवी आणि तसाच धांवत परत येई. हळूहळू खोकला कमी झाला व अंगांत शक्ति आली. पुढें म्यूनिक येथील जॉर्जियानुम गुरुविद्यालयांत शिकत असतां आपल्यासारख्याच दुखणाईत सोबत्यावर त्यानें गुपचुप हाच प्रयोग केला. ६ ऑगस्ट १८५२ रोजीं आउग्सबुर्ग येथें त्यास याजकदीक्षा मिळाली.

येथें एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पाण्याचा उपचार हा क्नाइप यांचा शोध नव्हे. त्यांच्या आधीं ग्रेफेनबर्ग येथें व्हिन्सेंट्स प्रीस्निट्स (१७९९-१८५१) या शेतकऱ्यानें ओल्या चादरींचे वेढे व गार पाण्याचे जोरकस झोत यांच्या साहाय्यानें आरोग्यधाम उभारिलें होतें व त्याची कीर्ति दूरवर पसरली होती. क्नाइप यांनींहि प्रथम कडक उपचार केले. परंतु वर्षानुवर्षांच्या अनुभवानें त्यांचा हात सौम्य होत गेला. ज्या उपायानें काम भागतें त्याहून जोराचा उपाय करूं नये, या मतास ते आले. पाण्याच्या उपचारांतील त्यांचें खरें स्वत्व या सौम्यपणांत आहे.

सहायक धर्मगुरु म्हणून काम करीत असतां आजारी माणूस दिसला कीं त्यांच्यानें स्वस्थ बसवत नसे. बोस या गांवीं कॉलऱ्याची लागण झाली, तेव्हां त्यांनीं रोग्यांची शुश्रूषा केली व त्यामुळें त्यांस 'कॉलऱ्याचे फादर' असें टोपणनांव पडलें. दुसऱ्या बाजूस वैद्यकीची परवानगी नसतां औषधोपचार केल्याच्या तक्रारीहि त्यांच्यावर झाल्या व अधिकाऱ्यांपुढें जाब द्यावा लागला. या तक्रारी केवळ मत्सरापोटीं झाल्या, असें सांगण्याची चरित्रकारांची प्रवृत्ति असते. मला तसें वाटत नाहीं. जो मनुष्य वैद्यकी शिकलेला नाहीं, त्याच्या हातीं लोकांचा जीव सोंपवितांना सरकारनें विचारणा करूं नये, असें कोण म्हणेल?

१८५५ सालीं त्यांची नेमणूक वोरिसहोफेन येथील डॉमिनिकन धर्मभगिनींच्या मठांत पापनिवेदन ऐकणारे गुरु म्हणून झाली. मठ गरीब होता. फादर क्नाइप यांनीं तेथील शेती सुधारली, गुरांची निगा व चाऱ्याची लागवड यांत लक्ष घातलें, मधमाश्या पाळल्या. या विषयांवर पुस्तकेंहि लिहिलीं. मठाच्या धुण्याच्या खोलींत पाण्याचे उपचार चालत. १८८१ सालीं ते त्या गांवचे मुख्य धर्मगुरु झाले. शेतकरी, मोलकरणी, मजूर, ज्यांस वैद्याची फी देणें जड जाई, असेच लोक आरंभीं त्यांच्याकडे येत.

आतां प्रत्यक्ष उपचार कसा असे, तें पाहूं. त्यांचा मुख्य विशेष म्हणजे 'धार'. झाडांस पाणी घालण्याच्या झारींतून, किंवा पुढें नळींतून, पाणी जोर न लावतां सोडावयाचें, म्हणजे तें अंगावर आपटत नाहीं, अंगावरून एखाद्या पदराप्रमाणें ओघळतें. गुडघ्याच्या धारेंत उजव्या पावलापासून आरंभ करून बाहेरच्या बाजूनें गुडघ्याच्या वर चार बोटें जावयाचें व आंतल्या बाजूनें खालीं यावयाचें; नंतर डावा पाय. हृदयापासून दूरच्या अवयवापासून आरंभ करावा, हा नियम. दुसरा उपचार पाण्यांत चालण्याचा : गुडघ्याच्या थोड्या खालींपर्यंत गार पाणी असावें आणि बगळ्याप्रमाणें प्रत्येक पाऊल पाण्याबाहेर उचलून टाकावें. दंव पडलेल्या गवतांतून अनवाणी चालणें हाहि त्यांचा आवडता उपाय होता. याशिवाय ओल्या कापडाचे वेढे, वाफारे व वनस्पतींचे काढे असत.

या सर्वांस कांहीं बंधनें होतीं आणि तीं उपचाराइतकींच महत्त्वाचीं आहेत. थंड अंगावर थंड पाणी कदापि घेऊं नये. पाय गार असतील किंवा हुडहुडी भरली असेल, तर आधीं चालून किंवा गरम पाण्यानें ऊब आणावी. उपचार सेकंदांत किंवा फार तर थोड्या मिनिटांत संपवावा. पाणी हातानें निपटून काढावें, कपडे घालावे व अंगांत ऊब येईपर्यंत हिंडावें. यामागील कारण समजण्यास कठीण नाहीं. गार पाणी लागतांच कातडीखालच्या बारीक रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. पाणी थांबून हालचाल सुरू झाली म्हणजे त्या पुन्हां रुंद होतात व त्या जागीं रक्त व उष्णता येते. ही ऊब आली नाहीं, तर उपचार फसला असें समजावें. हृदयविकार असलेल्यांनीं, पायांचा रक्तपुरवठा कमी असलेल्यांनीं व मधुमेहामुळें पायांची संवेदना गेलेल्यांनीं तर डॉक्टरांस विचारल्याशिवाय या वाटेस जाऊंच नये.

१८८६ सालीं 'माझा जलोपचार' या अर्थाचें त्यांचें पुस्तक केम्प्टेन येथें छापून प्रसिद्ध झालें. विद्वत्तेचा आव नाहीं, शेजाऱ्याशीं बोलावें तशी भाषा. पुस्तकाच्या आवृत्तीमागून आवृत्ति निघूं लागली व अनेक भाषांत भाषांतरें झालीं. १८८९ सालीं आहार, वस्त्र, निद्रा व श्रम यांविषयीं दुसरें पुस्तक आलें. वोरिसहोफेनच्या चिखलाच्या रस्त्यावर सरदार, कारखानदार व भिकारी एकाच रांगेंत अनवाणी चालूं लागले. १८९३ सालीं तेरावे लिओ पोप महाशय यांनीं त्यांस मॉन्सिन्योर ही पदवी दिली. पुढल्या वर्षीं रोम येथें खुद्द पोप महाशयांनीं त्यांचा सल्ला घेतला. हातीं आलेला पैसा त्यांनीं स्वतःकडे ठेविला नाहीं. त्यांतून सेबास्टियानेउम (१८९१), आजारी मुलांचें आश्रयगृह (१८९३) व क्नाइपियानुम (१८९६) अशा तीन संस्था उभ्या राहिल्या. १७ जून १८९७ रोजीं वयाच्या ७६ व्या वर्षीं त्यांनीं देह ठेविला.

या उत्कर्षाच्या काळांतील एक गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. ज्या वैद्यवर्गानें त्यांच्यावर टीका केली होती, त्याच वर्गास त्यांनीं आपल्या बैठकींत बोलाविलें. डॉक्टर शेजारीं बसून रोग्यास तपाशीत व फादर उपचार सांगत. १८९४ सालीं त्यांच्या पद्धतीनें चालणाऱ्या डॉक्टरांचें आंतरराष्ट्रीय मंडळ स्थापन झालें. आपल्या मरणानंतर हें काम भोंदू लोकांच्या हातीं जाऊं नये, तें शिकलेल्या माणसांनीं पुढें चालवावें, हा त्यांचा हेतु होता. तो बव्हंशीं सफळ झाला. गांवास १९२० सालीं स्नानतीर्थाचा अधिकृत दर्जा मिळून त्याचें नांव 'बाड वोरिसहोफेन' झालें. आणि २०१५ सालीं क्नाइप यांच्या परंपरेची नोंद जर्मनीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादींत झाली. पाणी, वनस्पति, व्यायाम, आहार व जीवनांतील सुव्यवस्था अशीं त्या परंपरेचीं पांच अंगें आज सांगितलीं जातात. पांचवें अंग धर्मगुरूस विशेष जवळचें आहे. रोग्याच्या अंतःकरणांतील अव्यवस्था दूर झाल्याशिवाय शरीरावरील उपचार टिकत नाहींत, असा फादर क्नाइप यांचा अनुभव होता. दारू न सोडणारा, वैर न सोडणारा, रात्रीची झोंप न घेणारा माणूस कितीहि धारा घेवो, त्याचें दुखणें पुन्हां वर डोकें काढतें.

आपल्या देशांत जलोपचार आला तो मुख्यतः एका वेगळ्या जर्मन वाटेनें. लायप्झिग येथील लुई कूने (१८३५-१९०१) हे कटिस्नानाचे पुरस्कर्ते होते. त्यांची विचारसरणी क्नाइप यांच्याहून निराळी व अधिक एकांतिक होती. त्यांच्या ग्रंथाचा प्रभाव महात्मा गांधींवर पडला. गांधीजींनीं आपल्या आत्मचरित्रांत दिलेला एक प्रसंग मुंबईंतील आहे. १९०२ सालीं ते गिरगांवांत राहत असतां त्यांचा दहा वर्षांचा मुलगा मणिलाल यास विषमज्वर व न्यूमोनिया झाला. पारशी डॉक्टरांनीं अंडीं व कोंबडीचा रसा देण्यास सांगितलें. गांधीजींनीं तें न देतां तीन मिनिटांहून अधिक नाहीं असें कटिस्नान दिलें, संत्र्याचा रस पाण्यांत घालून पाजला व ताप १०४ अंशांवर गेला तेव्हां मुलास ओल्या चादरींत गुंडाळलें. मुलगा बरा झाला. परंतु दोन गोष्टी ध्यानांत धराव्या. नाडी व छाती तपासण्यास येत जावें, अशी विनंति त्यांनीं त्याच डॉक्टरांस केली होती. आणि मुलगा ईश्वरकृपेनें बरा झाला, पाण्यानें बरा झाला, कीं पथ्यानें व शुश्रूषेनें, हें कोण सांगूं शकेल, असा प्रामाणिक प्रश्न त्यांनीं स्वतःच विचारला आहे. पुढें पुण्यांत डॉ. दिनशा मेहता यांच्या निसर्गोपचार केंद्राशीं त्यांचा संबंध आला व १९४६ सालीं पुणें जिल्ह्यांतील उरुळी कांचन येथें खेड्यांतील गरिबांसाठीं निसर्गोपचाराचें कार्य त्यांनीं सुरू केलें. तो आश्रम आजहि चालू आहे.

गांधीजींचा तोच प्रश्न क्नाइप यांच्या डॅन्यूबमधील स्नानासहि लावला पाहिजे. त्यांचा क्षय पाण्यानें गेला काय? क्षयाच्या जंतूचा शोध रॉबर्ट कॉख यांनीं २४ मार्च १८८२ रोजीं जाहीर केला. म्हणजे १८४९ सालीं त्या तरुणास कोणता रोग होता, हें खात्रीनें ठरविण्याचें साधनच नव्हतें. शिवाय औषधाविनाहि कांहीं क्षयरोगी बरे होत, आणि पुष्कळ मरत. जे वांचले त्यांनीं पुस्तकें लिहिलीं. जे मेले त्यांचा अनुभव कोणी छापला नाहीं. क्षयावर गुण देणारें पहिलें औषध स्ट्रेप्टोमायसिन १९४३ सालीं सांपडलें. आज सर्वसाधारण क्षय सहा महिन्यांच्या औषधांनीं बरा होतो व तीं औषधें सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात.

मग पाण्याचा उपयोग नाहींच काय? तसें नव्हे. स्नायूंची आखड, झोंप न येणें, पायांचा जडपणा, थकवा, अशा तक्रारींत ऊन व गार पाण्याच्या माफक उपचारानें अनेकांस आराम वाटतो. नेदरलंड्समध्यें तीन हजारांहून अधिक माणसांवर झालेल्या व २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगांत असें आढळलें कीं, स्नानाच्या शेवटीं ३० ते ९० सेकंद गार पाणी घेणाऱ्यांची आजारपणाची रजा २९ टक्क्यांनीं घटली; मात्र आजारी वाटण्याचे दिवस तसे कमी झाले नाहींत. माणसें आजारी पडलीं, परंतु उभीं राहूं शकलीं. पाण्याच्या सामर्थ्याचें हें वर्णन मला यथार्थ वाटतें. पाणी माणसास बळ देतें. जंतूंस तें मारीत नाहीं.

आतां माझी चूक. मी नवा धर्मगुरु होतों. नेमणूक दुसऱ्या एका धर्मग्रामांत होती. गुरुविद्यालयांत असतांनाच क्नाइप यांचें चरित्र वाचून मी भारावून गेलों होतों. एका संध्याकाळीं एक विधवा आपल्या एकोणीस वर्षांच्या मुलास घेऊन आली. मुलास कित्येक आठवडे खोकला होता, सायंकाळीं कणकण येई, वजन उतरलें होतें. मीं त्यास डॅन्यूबची गोष्ट मोठ्या उत्साहानें सांगितली. पायांस गार पाण्याची धार, छातीस ओला वेढा, सकाळीं अनवाणी चालणें, असा क्रम लिहून दिला. डॉक्टरांकडे जा, असें मीं सांगितलें नाहीं. फादरांनीं सांगितलें म्हणून माउलीनें तें सर्व दोन महिने निष्ठेनें केलें. एके दिवशीं मुलाच्या थुंकीतून रक्त पडलें, तेव्हां माझे डोळे उघडले. दवाखान्यांत क्षय ठरला. औषधें सुरू झालीं व ईश्वरकृपेनें तो वांचला. परंतु छाती कायमची अधू राहिली, आणि त्या दोन महिन्यांत एकाच खोलींत निजणाऱ्या त्याच्या धाकट्या बहिणीसहि रोग लागल्याचें निघालें. तीहि औषधांनीं बरी झाली. त्या आईनें मला दोष दिला नाहीं. "फादर, तुम्हीं आमच्या भल्यासाठींच सांगितलेंत," एवढेंच ती म्हणाली. रागाचे शब्द मी विसरलों असतों. हे शब्द आजवर विसरलों नाहीं.

त्या दिवसापासून क्नाइप यांचें चरित्र मी निराळ्या दृष्टीनें वाचूं लागलों. मीं त्यांची झारी उचलली होती. शेजारीं डॉक्टर बसवून घेण्याचा त्यांचा विनय मात्र उचलला नव्हता. पवित्र शास्त्रांतील नामान सेनापतीस यार्देन नदींत सात वेळां बुडी मारण्यास सांगितलें, तेव्हां उपाय फार सोपा म्हणून तो रागावला. आपली परीक्षा उलट आहे. सोपा उपाय आपणांस गोड लागतो आणि सहा महिन्यांच्या गोळ्या कठीण वाटतात. परमेश्वराची आज्ञा कधीं सोप्या गोष्टींत असते, कधीं कंटाळवाण्या गोष्टींत. दोहोंतहि आज्ञापालन एकच.

प्रिय धर्मबांधवांनो, महोत्सवाच्या वर्षीं आपण मंदिरास रंग देतों, घंटा घांसतों, मिरवणूक काढतों. त्याबरोबर एक लहान संकल्प आपण करूं या. आपल्या वाडींत ज्यास दोन आठवड्यांहून अधिक खोकला आहे, त्यास हातीं धरून आपण तपासणीस नेऊं. ज्याच्या गोळ्या चालू आहेत, त्याच्या घरीं रोज कोणीतरी डोकावेल व त्यानें गोळी घेतली कीं नाहीं तें पाहील. आणि थकूनभागून आलेल्या वृद्ध आईबापांचे पाय ऊन पाण्यांत ठेवून, पुसून, त्यांच्याजवळ घटकाभर बसूं. पहिल्या गोष्टीस शास्त्र लागतें, दुसरीस नेम व तिसरीस प्रेम. वोरिसहोफेनच्या त्या वृद्ध धर्मगुरूजवळ शास्त्र अपुरें होतें व तें त्यांस ठाऊक होतें. नेम व प्रेम मात्र भरपूर होतें. आपल्या काळीं शास्त्रहि हातीं आलेलें आहे. तिन्हींची सांगड घालण्याची सद्बुद्धि प्रभु येशू आपणां सर्वांस देवो.